निवडणं

सोजरबाई गंगणे, वय एकसष्ट.
लातूरच्या एमआयडीसीत, डाळमिलीत,
बावीस वर्षं तुरीतले खडे निवडत बसलेली.
कंबर धरली म्हणून बसायचं पोतं बदललं,
वाळूचा शेक झाला, निलगिरी झाली,
कुणी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.
मग ईएसआर केला: एकशे अडतीस.
तेव्हा चिठ्ठी आमच्या लॅबची.

रक्त गोठू दिलं, अर्धा तास, घड्याळ लावून.
अर्धवट गोठलेलं फिरवलं
तर फायब्रिनोजन उगीच खोटी रेघ उमटवतं
आणि एखाद्याची रात्र फुकट जाते.
वरचं पिवळं पाणी नेहमीपेक्षा जड,
पिपेटच्या टोकाला रेंगाळणारं,
पाक एकतारी व्हायला आल्यासारखं.

जेलवर थेंब ठेवला, वीज सोडली.
अल्ब्युमिन पुढं पळतं, ते पळतंच.
अल्फा, बीटा आपापल्या जागी थांबतात.
मागं राहतो गॅमा.
तिथं एरवी नुसता धुरकट डाग,
आठवडी बाजाराचा गलका लांबून ऐकावा तसा:
हजार तोंडं, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही,
अंगावर काढलेल्या प्रत्येक तापाचा
त्यात एकेक आवाज.

सोजरबाईच्या गॅमात गलका नव्हता.
एक रेघ होती.
सुरीनं ओढावी तशी, काळीनिळी.

नळीवरचं नाव पाहिलं, नंबर पाहिला.
पुन्हा लावलं.
पुन्हा तीच, तिथंच.

बाहेर बाकड्यावर ती,
सुनेच्या पिशवीतले शेंगदाणे निवडत बसलेली.
"काय निघालं वं माय? खडा हाय का?"
तिला मूतखडा वाटत होता.
रिपोर्ट संध्याकाळी, म्हणाले, मॅडम सांगतील.
आम्हाला सांगायची परवानगी नसते.
नसते ते बरंय, असं आजवर वाटायचं.

खडा असता तर तुमच्या बोटालाच कळला असता, सोजरबाई.
खडा वेगळा असतो.
हे उलटं आहे:
एकच दाणा, पुन्हा तोच, पोतंभर तोच,
इतका सारखा
की निवडायला दुसरं काही उरतच नाही.

निघताना तिनं मूठ पुढं केली.
मी ग्लोव्ह काढून शेंगदाणे घेतले.
इतकं निवडूनही
त्यातला एक खवट निघाला.
फार बरं वाटलं.