प्रश्न नववा

घणसोली गावठाण. गल्ली एवढी अरुंद
की बॅग पोटाशी धरून चालावं लागतं.
उत्तरदाता एकसष्ट: हसुराम जोमा मढवी, वय अठ्ठ्याहत्तर.

आठ प्रश्न सुरळीत गेले.
झोप? तीनला जाग येते.
कशानं? भरतीनं.
खाडी आता चार सोसायट्यांपलीकडे,
मिठागरावर पार्किंग.

नववा हळू विचारायचा, पण नजर न चुकवता,
प्रशिक्षणात सांगितलेलं:
गेल्या दोन आठवड्यांत
जगू नये असं वाटलं?
चार चौकोन. पेन तयार.

ते बराच वेळ हाताच्या भेगा बघतात.
"बाय, पानी आटतं तवा मीठ दिसतं.
पानी कुठं गेलं, कोन इचारतं?
तू इचारलंस."

हे कुठल्या चौकोनात बसत नाही.
समासात लिहिते, अक्षर बारीक करून.
मग नियमाप्रमाणे लेकीला फोन, त्यांच्यासमोरच;
डॉक्टरांची वेळ: वाशी, गुरुवार, अकरा.
चिठ्ठी ते टोपीच्या घडीत ठेवतात.

"गुरवारी तू असशील ना?"

गुरुवारी माझ्याकडे ऐरोली आहे,
सत्तर ते पंचाहत्तर.
असेन, म्हणते,
आणि चपला घालता घालता
सरांना काय सांगायचं ते जुळवत राहते.