पाणी जोखताना

बाटली पाण्याखालीच भरायची,
झाकणही आतच फिरवायचं.
मग उलटी धरून बघायची. बुडबुडा दिसला
की ओतून द्यायची, पुन्हा पहिल्यापासून.
चिमूटभर हवा आत राहिली तरी
पाणी आपलं मूळ गाव विसरायला लागतं.

ताता सेवेरो सगळं ऐकून घेतात,
कोकाची पानं या गालातून त्या गालात सरकवतात :
"आमच्याकडे तर आता हवाच हवा आहे, पोरी."

समोर पोओपो सरोवर,
म्हणजे सरोवर जिथे होतं ते.
मिठात रुतलेल्या तीन होड्या,
एकीच्या पोटात कुणीतरी कोंबड्या कोंडल्यात.
लांब कुठेतरी गुडघाभर डबकं, त्यात चार फ्लेमिंगो,
जुन्या पत्त्यावर येत राहिलेल्या पत्रांसारखे.

डबक्याची बाटली सात नंबरची.
शाळेमागच्या विहिरीची नऊ. दोर ओढायला बासिलिया आली,
वीस हात जास्त सोडावा लागतो म्हणाली,
दोन वर्षांपूर्वीपेक्षा.
खाणीच्या कचेरीतला कागद म्हणतो :
विहिरीत तळ्याचंच पाणी झिरपत होतं,
तळं आटलं, विहीर खाली गेली,
आमच्या पंपांचा संबंध नाही.
खाली शिक्का. शिक्क्यावर लामाचं चित्र.

संध्याकाळी चुलीपाशी मी समजावते.
पाणी सगळं सारखं नसतं, ताता.
हजारात जेमतेम दोन कण जड असतात.
ऊन लागलं की हलके आधी उठून जातात,
जड मागे बसून राहतात.
ढग डोंगर चढतो तेव्हा मात्र
जड ते वाटेतच टाकत जातो,
शिखरावर पोचतं ते हलकं हिम.
रंग नाही, वास नाही, चव नाही,
नुसत्या वजनावरून सांगता येतं
कुठे पडलं, किती दिवस उन्हात बसलं.

ते आगीकडे बघत राहतात.
एक मुलगा कालामाला, एक इकिकेच्या बंदरात,
मुलगी ओरुरोला शिवणकाम करते.
मला वाटतं आता ते म्हणतील,
आणि माझी वही तयारच आहे.
"जड-बिड काही नाही," ते म्हणतात,
"माझा गुडघा गेलाय. गुडघा धड असता
तर मीही केव्हाच गेलो असतो."

बारावी बाटली रिकामी ठेवून मी निजले.
पहाटे ती भरलेली होती, बाहेरून ओली, बर्फासारखी गार.
नातू, एदिल्बेर्तो, बारा वर्षांचा,
खाणीच्या कुंपणाखालून जाऊन आलेला,
उलटी धरून दाखवत होता :
बुडबुडा नाही.

ला पाझमध्ये यंत्राला थेंबभर पुरतो.
सात : अधिक सहा. कितीतरी उन्हाळे बसलेलं.
नऊ : उणे सतरा.
तळ्याचा त्यात घोटभरही अंश नाही,
ते वरच्या डोंगराचं हिम, जमिनीखालून चालत आलेलं.
बारा : उणे सतरा.
मी पुन्हा लावलं. उणे सतरा.

अहवालात मी एवढंच लिहिलं, की दोन्ही
एकाच आईची लेकरं असावीत.
आईचं दूध कोण किती प्यालं
ते वजनात कळत नाही. त्यासाठी पंपांच्या नोंदी लागतील,
त्या मागितल्या आहेत.
बारा नंबर कुणी भरली, ते लिहिलं नाही.

परत गेले तेव्हा बासिलियाने कागद घेतला,
दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला.
तातांनी आकडे विचारलेच नाहीत.
सात नंबरची उरली असेल तर दे, म्हणाले,
तेवढं तळं तरी घरात राहील.

मी दिली. त्यांनी ती उलटी धरली,
उन्हाकडे केली,
आणि आतला बुडबुडा, प्रयोगशाळेत शिरलेला,
हळूहळू वर सरकताना बघत बसले.
"हवा शिरलीय," ते म्हणाले.
"आता हे कुठलं?"