तारांकित

मंगळवारी मडगावहून कुडतरीची बस.
पिशवीत वह्या, ध्वनींचे तक्ते,
आणि एर्मेलिनबाईंच्या बांगड्यासाठी
आमच्या फोंड्याकडची तिरफळं.

पाद्र झेफेरीन बाल्कांवात बसलेले असतात,
मांडीवर पाटी, गळ्यापाशी पांढरा रुमाल.
एकतीस वर्षं त्यांनी सेमिनारीत लॅटिन शिकवलं.
दोन नाताळांमागे बांबोळीला स्वरयंत्र काढलं.
आता खडूनं बोलतात,
बाहीनं पुसतात.

आम्ही तक्ते जुळवतो.
माझा प, त्यांचा प: बरोबर.
माझा भ असेल तिथे त्यांचा फ: चालेल.
माझा पितर्, त्यांचा पतेर
(पाद्र हा शब्दही त्याच पतेरचा नातू,
ते स्वतःकडे बोट दाखवतात).
अडतं ते मधल्या स्वरावर.
माझ्याकडे इ, त्यांच्याकडे अ.
एकाच रिकाम्या खुर्चीकडे बघून
दोघांनी दोन वेगळ्या माणसांची नावं घ्यावीत तसं.

मग ते पाटीवर आधी एक तारा काढतात,
पुढे प, पुढे ह,
ह च्या पायाशी बारीक दोनचा आकडा.
तारा म्हणजे, हे कुणी ऐकलेलं नाही.
तारा म्हणजे, तरी इथे काहीतरी होतं.

घशातला होता म्हणतात तो ह.
घशात नेमका कुठे, यावर अजून भांडणं.
आधी कागदावरच सापडला, नुसत्या हिशेबानं,
कोणाच्या तोंडात नव्हे.
पुष्कळ वर्षांनी हित्तींच्या मातीच्या विटा वाचल्या गेल्या
तर तिथे हा उभा,
आपल्या अस्थिच्या पुढ्यात:
हस्ताइ.

मी उसळून म्हटलं, म्हणजे आपल्या हाडातला ह...
पाद्रनी मान हलवली.
पाटीवर लिहिलं: योगायोग.
खाली दोन रेघा मारल्या,
कच्च्या पोरांच्या पेपरात मारत असतील तशाच.
खडू मोडला.

असे तीन होते म्हणे, किंवा चार.
सगळे गेले.
जाताना शेजारच्या स्वराला रंग लावून गेले,
कुठे त्याला लांबवून गेले.
दानातला दा, स्थानातला था,
ही लांबी फुकटची नाही.
बाकावरून कुणी उठून जातं
आणि बाजूचा, थोडा वेळ थांबून,
पाय पसरतो.

संध्याकाळी तेर्साला मी असते कधी कधी.
पूर्वी अर्धी ओळ ते म्हणत, अर्धी ती.
एर्मेलिनबाई आपली अर्धी म्हणतात,
थांबतात.
पाद्रचे ओठ हलतात.
जेवढा वेळ त्या शब्दांना लागायचा
तेवढा वेळ जाऊ देतात,
तळ्यावरून एखादी टिटवी ओरडली तर ओरडू देतात,
आणि मग पुढची अर्धी.
हे मी कुठल्याच तक्त्यात भरलेलं नाही.
रकाना कुठला द्यायचा?

आज शेवटचा शब्द राहिला होता.
भ्रातर्, मी लिहिलं.
फ्रातेर, त्यांनी.
मी खाली घरचा लिहिला: भाऊ.
त्यांनी भाव.
मग थोडा विचार करून तोही पुसला,
कारण सासष्टीत श्वास आणखी हलका होतो,
घराचं गर होतं, भाताचं बात.

तेवढ्यात रांधणीतून हाक आली.
च्या कधीची ओतून ठेवली होती.
"बाऽऽव!"

त गेलेला, र गेलेला,
भ मधली वाफ गेलेली,
घशातला तो तर कुणाच्या आठवणीतही नाही.
मधला आ तेवढा राहिलेला,
लांब,
बाल्कांव ओलांडून शेताच्या बांधापर्यंत पोचणारा.

पाद्रनी मोडक्या खडूनं
पाटीच्या लाकडावर दोनदा टकटक केलं.

आतून एर्मेलिनबाई म्हणाल्या,
"आयकलें."