बर्फाची बाकी

बिलावलीच्या पाळीवर नाचायचा हॉल होता
म्हटलं, तर हो म्हणणारे आता आम्ही तिघंच,
आणि तिघांचे हॉल वेगळे.
भालू मुजुमदार म्हणतो, छप्पर हिरवं होतं.
महूच्या सिंथियाबाई म्हणतात, छप्पर कसलं, कनात होती.
मला छप्पर आठवतच नाही.
मी तो हॉल खालून पाहिला,
फळ्यांच्या फटींतून, बर्फाच्या कोठीतून,
जिथे वडील भुशात लाद्या निजवायचे
आणि डोक्यावर शंभर टाचा एकदम वळायच्या.

सियागंजातून गाडी निघायची चारला.
पोचेपर्यंत पाव हिस्सा बर्फ
खंडवा रोडनं पिऊन टाकलेला असायचा.

बँड यायचा एप्रिलात. पाच जण.
भालू म्हणतो सात.
पाचच. पत्रावळी मी मांडायचो.
पर्सी ड्रमवाला, रेल्वेतून काढलेला.
रोके आणि त्याचा मुका भाऊ, जो मुका नव्हता,
फक्त ट्रम्पेटखेरीज कशातूनच बोलत नसे.
पियानोवर खोर्शेदबाई, चश्म्याला दोरा बांधलेला.
आणि कायतान, सॅक्सोफोन,
गोव्याहून कुठल्या कुठल्या गावांत चुकत आलेला.

दुपारी तालीम. गंजीफ्राक, चट्ट्यापट्ट्यांचे पायजमे,
आणि पाचही जणांचे पाय बर्फाच्या लादीवर.
त्याच लादीचा चुरा रात्री
साहेबांच्या ग्लासात.
हे वडिलांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

"कितें रे बाबू," कायतान म्हणायचा.
"क्या करून राहिला भिया," वडील म्हणायचे.
एवढ्यावर त्यांचं तासभर चालायचं.

एप्रिलात पाणी पायरीला टेकलेलं.
सूर टाकला की पलीकडच्या काठाला शिवून परत.
मग तळं रोज थोडं मागे जायचं,
बोटी चिखलात पालथ्या,
हॉलचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे.
"पाणी सरलं बाबू," कायतान म्हणाला एकदा,
"आता वाजवलेलं परत येत नाही."

परत ठेकेदारही आला नाही.
मेच्या शेवटच्या आठवड्यात
तिकिटांची पेटी घेऊन तो उज्जैनला देवाला गेला
म्हणे.
बँडचा पगार बुडाला. आमचं बर्फाचं बिल बुडालं.
बिल ठेकेदाराचं होतं, कायतानचं नव्हतंच,
तरी निघताना त्यानं पेटी वडिलांपुढे ठेवली:
पुढच्या एप्रिलात सोडवून नेतो.

पुढच्या एप्रिलात हॉलला कुलूप.
त्याच्या पुढच्या एप्रिलात हॉल नव्हता.
फळ्या तेजाजीनगरच्या गोठ्यांत गेल्या,
पियानोचं काय झालं यावर पुन्हा तिघांचं तीन.

सॅक्सोफोन आमच्या पलंगाखाली.
दर उन्हाळ्यात वडील पेटी गच्चीवर न्यायचे,
कुरडयांच्या शेजारी उघडून ठेवायचे.
कावळे लांब राहतात, आई म्हणायची,
तेवढा तरी उपयोग.
छावनीतला बँडमास्तर तीनशे द्यायला तयार होता.
वडील म्हणाले, ठेव आहे.

आणि दर पाडव्याला नव्या वहीत
हळदकुंकू झाल्यावर पहिली ओळ:
*कायतान बाजेवाला. बर्फ. बासष्ट रुपये चार आणे. बाकी.*
व्याज नाही.
चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले,
बर्फाचा कारखाना गेला, घरोघर फ्रीज आले,
वडिलांचा हात कापायला लागला,
ओळ वाकडी झाली. बाकी तीच.
शेवटच्या तीन वह्यांत ती माझ्या अक्षरात आहे.

गेल्या मे महिन्यात तिघं गेलो होतो.
पाणी पार आत. चिखलातून खांबांचे खुंट वर आलेले.
भालूनं मोजले, मीही मोजले,
जमलं नाही.
सिंथियाबाईंनी काठी माझ्या हातात दिली,
चप्पल काढली,
भेगाळल्या गाळावर टाच ठेवली
आणि वळवली. एकदाच. लगेच काठी मागितली.

ते वळणं खालून मला पाठ होतं.
वरून पहिल्यांदाच पाहिलं.
भालू तेव्हा टिटव्यांकडे बघत होता,
म्हणजे आता यालाही साक्षीदार नाही.