परकार एक

अहमदीत उन्हाळ्याच्या दुपारी
शेडचं दार लोटून घेतात.
आत पेट्या, पेट्यांत दगडाच्या कांड्या,
प्रत्येकीवर विहिरीचा नंबर आणि खोली.
अठरा वर्षं मी त्या उतरवतो, पुसतो, परत ठेवतो.
वास जात नाही. हर्णैला गेलो की
बायको माझे शर्ट वेगळे भिजवते.

भिंतीवर जगाचा नकाशा.
ज्याच्या पोटात जेवढं तेल, तेवढा मोठा काळा गोल.
आखाताभोवती नुसती दाटी,
पंगतीत मागून येऊन मध्येच घुसल्यासारखी.
व्हेनेझुएलावर एक भलाथोरला, एकटाच.
माझ्या गावावरून बोट फिरवलं
तर बोटाला धूळ लागते.
खालचा आकडा मी आलो तेव्हाही हाच होता.
रोज जहाजं भरून जातात, कणगी उतरत नाही.
तोफज्जल म्हणतो, एवढ्या खोल
डोकावून बघतंय कोण?

हेसा नवी होती तेव्हा तिला विचारलं,
ही वाटणी केली कुणी?
ना तलाठी, ना पंच, ना हद्दीचा दगड.
ती म्हणाली, इथे उथळ, उबदार समुद्र होता.
त्यात जे जगलं ते मरून तळाशी बसलं,
वर चिखल, वर चुना, वर घट्ट झाकण.
"आणि आमच्याकडे?"
"तुमच्याकडे लाव्हा," ती म्हणाली
आणि चहा ओतला.

मग एकदा कांडी पुसताना शिंपला निघाला.
तिसरीच ती!
आई ओहोटीला गुडघाभर चिखलात बसून काढायची,
तशी.
खोली आठ हजार चारशे फूट.
कडेने तेल घामासारखं पाझरलेलं.
बराच वेळ ती पेटीत ठेवली नाही.

या खेपेला सुट्टीवरून येताना
जेट्टीमागचा एक दगड आणला.
काळा, भोकाभोकांचा.
विमानतळावरच्या पोराने उलटासुलटा करून विचारलं,
हा कशाला?
मला सांगता आलं नाही.

हेसा हसली नाही.
रिकामी पेटी ओढली, लेबल घेतलं.
विहीर: परकार एक.
"खोली?"
"पायाशीच पडला होता."
तिने लिहिलं, शून्य.
"तेल?"
तिने भोकात नख घातलं, हुंगलं,
म्हणाली, मासळीचा वास येतोय.

तेही लिहिलं.