हात लावू नये

पारोळ्याच्या जुन्या जिनात, जिथे सरकी पडायची,
तिथे आता काचा आहेत.
एकीत ढाल, एकीत बिबड्यांचं पोळपाट,
आणि कोपऱ्यात, काचेत न मावलेला,
खो-खोचा खुंट.
पाटी सांगते : विजेता संघ, १९६८.
वस्तूंना हात लावू नये.

रामकोर आत्यानं चष्मा पुसला.
"हाऊ ते आमना खुटा शे!"
धुडकूनं रातोरात गोठ्यातून उपटून नेलेला.
म्हैस दिवसभर गाव हिंडली,
कुणाच्या तरी मेथीत सापडली.
पोरं जिंकली. धुडकूनं मार खाल्ला.
पाटीवर यातलं काही नाही.

पहारेकरी बाहेर बिडी ओढत होता.
आत्यानं तळवा ठेवला
कमरेएवढ्या उंचीवर, जिथे लाकूड
पोरांच्या पंजांनी गुळगुळीत झालंय,
मग वाकली, गुडघे कुरकुरले,
आणि बोटानं चाचपली
खालची, दाव्याची खाच.