घट

दिवसभर मी सावद्याच्या वजनकाट्यावर बसतो.
ट्रक रिकामा येतो, आकडा. केळी भरून येतो, आकडा.
मधला फरक मी चिठ्ठीवर लिहितो
आणि त्या फरकावरून लोक माझ्याशी भांडतात.

रात्री जेवण झाल्यावर, मागच्या अंगणात
रंगाची वीस लिटरची बादली, आतून मातीचं अस्तर,
कूलरचा जुना पंखा पाइपाच्या तोंडाशी,
बाभळीचा कोळसा.
मूस म्हणजे आग विझवायच्या नळकांड्याचं कापलेलं बूड.
धर्मशाळेत वीस वर्षं टांगलेलं होतं,
आगीशी त्याची पहिली भेट माझ्याकडेच झाली.

मे महिन्यात भिंतीपलीकडून फिरके विचारतात,
"शेहेचाळीस डिग्री कमी पडते का भो तुले?"

धंदा नाही हा. तसंच भंगारात विकलं
तर चार पैसे जास्त येतील,
हे कोकिळेनं पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडून दाखवलं.
मी म्हटलं, बरोबर आहे.
आणि पंखा लावला.

पिस्टन चांगला. कुकर बरा.
थंड पेयाचे डबे निव्वळ लबाड,
पोतंभर घाला, मूठभर निघतं, बाकी मळी.
वहीत सगळं आहे: घातलं, निघालं, घट.
काट्यावरची सवय.

वाळू सुकी नदीची, पिठाच्या चाळणीतून दोनदा.
मुठीत दाबली की बोटांचे ठसे धरले पाहिजेत,
मोडली की बिस्किटासारखी मोडली पाहिजे.
पहिल्या वर्षी ओल जास्त झाली.
साचा खोकला,
एक थेंब डाव्या पावलावर उतरला.
त्याची जागा अजून आहे.
तेव्हापासून मी ओतत असलो की कोकिळा दारात उभी असते,
हातात कोरड्या वाळूचं घमेलं.
पाणी नाही. पाणी कधीच नाही.

त्या वर्षी पुली करायची होती.
जे झालं त्याला अजून नाव नाही.
गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या
की धोतराचा कोपरा उडू नये म्हणून ती ते ठेवते.

परवा मुबारक तडवीनं पोतं उपडं केलं:
दोन कढया, खिडकीची पट्टी, स्कूटरचं डोकं,
आणि दुमडलेली एक नंबरपाटी.
उलगडली. एमएच एकोणीस.
पुढचं वाचायची गरज नव्हती.
रिकामा, सहा हजार तीनशे ऐंशी किलो.
डिझेलची टाकी भरून आला तर पन्नासेक जास्त.
चौदा वर्षं एक दिवसाआड माझ्या काट्यावर.
ड्रायव्हर पारोळ्याकडचा. केबिनमधून उतरायचाच नाही.
मी खिडकीतून ओरडायचो, उतर खाली!
तो बिडीचा हात बाहेर काढून म्हणायचा,
"मनं काय वजन शे?"

नाव माहीत नाही.
चिठ्ठीवर नावाचा रकाना नसतो.

पिस्टनचं पाणी झालं होतं.
वर राखाडी, सुरकुतलेली साय.
पळीनं बाजूला सारली तर खाली ते
लाल नाही, लोखंडासारखं बजावत नाही,
नुसतं शांत,
वाटीत वाढून ठेवल्यासारखं.

पाटी चिमट्यात धरून आत दाबली.
आधी रंग पेटला, पिवळा,
मग पत्रा वाकला, गुडघ्यात वाकावा तसा.
काळे आकडे क्षणभर वरच राहिले,
आणि साय त्यांच्यावरून सरकली.

ओठावर आलं होतं.
उतर खाली.
घमेलं घेऊन ती दारात उभी होती, म्हणून गप्प बसलो.

सकाळी वाळू फोडली. कपाटाची मूठ.
एका अंगाला भोक, तिथं हवा अडकली असणार.
तरी बोटं बरोबर बसतात.
वजन केलं, वहीत लिहिलं.
घट नेहमीपेक्षा जास्त आली.

कशाची एवढी? कोकिळेनं वाकून विचारलं.

म्हटलं, रंगाची असेल.